परमिट, पुरावा आणि हद्दपारी

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून आहे. या परिसरातल्या उंच इमारती बांधणाऱ्या मजुरांत बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले अनेक जण असतात. त्यांपैकी बंगाली बोलणाऱ्या मुसलमान मजुराकडे ‘बांगलादेशी’ म्हणून संशयाने पाहिले जाणे महाराष्ट्राला नवे नाही. निव्वळ संशयावरून एखाद्याला देशाबाहेर काढता येते का? हा प्रश्न आपल्या राज्यात पूर्वीही उभा राहिला होता.

फाळणीच्या धामधुमीत पाकिस्तानात गेलेले अनेक मुसलमान पुढे आपल्या घरी, आपल्या माणसांत परतू लागले. जुलै १९४८ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी परमिट पद्धत सुरू केली आणि १९४९ मध्ये तसा कायदा केला. त्याच्या कलम ७ नुसार परमिटचा नियम मोडल्याचा नुसता ‘वाजवी संशय’ असला, तरी केंद्र सरकार त्या व्यक्तीला देशाबाहेर पाठवू शकत होते. ती भारताची नागरिक असली तरीही! तिची बाजू ऐकून घेण्याचे बंधन सरकारवर नव्हते. बायको-मुले इथे आणि घरचा कर्ता सरहद्दीपलीकडे, असा त्या कलमाचा अर्थ होता.

इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये निकाल दिला. नागरिकाला आपल्या देशात कुठेही राहण्याचा मूलभूत हक्क आहे. त्यामुळे नागरिकांपुरते कलम ७ घटनाबाह्य आहे, असे बहुमताने ठरले. परमिटचा नियम मोडला तर शिक्षा करता येईल, पण नागरिकाला देशाबाहेर काढता येणार नाही.

निकाल स्पष्ट होता. मात्र नागरिकत्व सिद्ध कोणी करायचे, हा प्रश्न उरलाच. इंग्रजांच्या काळातील १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने ते ओझे संशयिताच्याच डोक्यावर ठेवले होते. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, त्यातही ते तसेच आहे.

याचे परिणाम आपण पाहिले आहेत. जुलै १९९८ मध्ये युती सरकारच्या काळात मुंबई पोलीस जरीकाम करणाऱ्या बंगाली कारागिरांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने सीमेकडे नेत होते. पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. ते भारतीयच आहेत, असे तिथल्या लोकांचे म्हणणे होते. जून २०२५ मध्ये तर महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना प्रत्यक्ष सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय असल्याचे कळल्यावर त्यांना परत आणावे लागले. तोवर त्यांच्या घरच्यांनी काय सोसले असेल?

बेकायदा घुसखोरी रोखण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रोजंदारीवर फिरणाऱ्या मजुराची कागदपत्रे बहुतेकदा गावाकडच्या पेटीत असतात. त्याला ती मागवायला वेळ द्यावा, घरी कळवावे, त्याच्या जिल्ह्यातून लेखी उत्तर येईपर्यंत सीमेकडे नेऊ नये. एवढे केले तरी १९५४ च्या निकालाचा मान राहील. परत आणलेल्या मजुरांच्या बाबतीत ते आधी झाले असते, तर त्यांनी सरहद्द पाहिलीच नसती.