साचेखात्यातला धोटा

मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 साली कावसजी दावरांनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, पण कोकण-घाटावरून आलेल्या कामगारांबरोबर गावची शिवाशिवही खात्याखात्यात शिरली. साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात (शटलमध्ये) घालून धाग्याचे टोक तोंडाने ओढून घेत असे. तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य माणूस शेजारच्या साच्यावर नको, असा सवर्ण विणकरांचा हट्ट होता. पगार साचेखात्यात जास्त, त्यामुळे हा सोवळेपणा फायद्याचाही होता, हे विसरून चालणार नाही. दलित कामगार प्रामुख्याने कमी पगाराच्या रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत, राहिले. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती, आणि तो आपल्या गावच्या, जातीच्या माणसांना आधी घेई.

1928 च्या गिरणी कामगारांच्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साचेखाते दलितांना खुले करण्याची मागणी रेटली. युनियनच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीने स्वीकारली. हा अन्याय असेल, तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असे मालकांनी सुनावले. उत्तर सोयीचे होते, तरी अडवणूक सहकाऱ्यांचीच होती.