नदी कोणाची? मुळशीचं धरण आणि बाबासाहेबांचं जलधोरण

मुळशी म्हटलं की प्रस्थापितांचा इतिहास एका नावावर येऊन थांबतो: सेनापती बापट. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात झालेला मुळशी सत्याग्रह हा जगातला धरणविरोधी पहिला लढा मानला जातो. बापटांनी भोगलेला तुरुंगवास आम्ही नाकारत नाही. पण लढ्याचं नेतृत्व पुण्यातून आलं आणि पाण्याखाली गेलं ते मावळातल्या कुळांचं, कातकऱ्यांचं, महारवाड्यांचं जगणं. हा फरक लपवून ठेवला तर मुळशीचा इतिहास अर्धाच राहतो.

भूसंपादन झालं ते १८९४ च्या कायद्याने. हा कायदा कागदावर हक्क असलेल्या माणसाला ओळखत होता. ज्याच्या नावावर जमीन, त्याला मोबदला. सावकारांकडे गहाण पडलेल्या जमिनींचा पैसा सावकाराकडे जाणार हे उघड होतं, आणि पैसे घेऊन मोकळं होण्याकडे त्यांचा कल राहिला. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचं काय? गावकीची कामं करून बलुत्यावर जगणाऱ्याने गावच उठल्यावर बलुतं कोणाकडे मागायचं? त्या कायद्यात याला उत्तर नव्हतं. वतनाची बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात विधेयक आणलं ते १९२८ साली. मुळशी त्याआधीच बुडाली होती.

आता पाण्याचा प्रवास बघा. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण उभं राहिलं. मुळा ही भीमेची, भीमा ही कृष्णेची. म्हणजे हे पाणी स्वभावाने पूर्वेकडे, पुणे, सोलापूर, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असं बंगालच्या उपसागराला जाणारं. टाटांनी सह्याद्रीला बोगदा पाडला आणि ते पश्चिमेला वळवलं. सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिरा इथे त्यावर वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईला गेली. वापरलेलं पाणी कुंडलिका नदीतून रोहा, रेवदंडा करत अरबी समुद्राला मिळतं.

भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं १९२७ साली. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. भिरा आणि महाड दोन्ही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. एका बाजूला कंपनीसाठी अख्खी नदी डोंगर फोडून खाली आणता येते, दुसऱ्या बाजूला माणसाने तळ्याला हात लावला तर तळं बाटतं! भांडवलाला पाण्याची सीमा आड आली नाही, अस्पृश्याला मात्र आली. मुळशी आणि महाड हे दोन अध्याय एकत्र वाचल्याशिवाय महाराष्ट्राच्या पाण्याचा इतिहास कळत नाही.

बाबासाहेब महाडला थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सिंचन आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्यात. १९३५ च्या कायद्याने सिंचन प्रांतांकडे होतं, त्यामुळे प्रत्येक प्रांत नदीकडे आपल्या हद्दीपुरतं बघायचा. नदी मात्र हद्द बघून वाहत नाही. १९४३ च्या दामोदरच्या महापुरानंतर बंगाल, बिहार आणि केंद्र यांना बाबासाहेबांनी १९४५ मध्ये एका टेबलावर बसवलं. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर होता. त्यातून १९४८ चं दामोदर खोरे महामंडळ आलं. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत त्यांनी महानदीबद्दल भूमिका मांडली, ती अशी: जास्त पाणी हे संकट नाही, ते वाया जाऊ देणं हे संकट आहे. एकाच साठ्यातून पूरनियंत्रण, शेती, वीज आणि नौवहन साधलं पाहिजे.

नौवहन हा शब्द मुद्दाम लक्षात ठेवा. एप्रिल १९४५ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय आयोगाच्या नावातच जलमार्ग, सिंचन आणि नौवहन हे तिन्ही शब्द होते. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. युरोपात राइन नदीवरच्या वाहतुकीसाठी १८१५ पासून देशादेशांचा सामाईक आयोग आहे. आपल्याकडे नदीचं खोरं हे एकच कुटुंब आहे, हा विचार धोरणात आणण्याचं काम बाबासाहेबांनी केलं. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांची तरतूद त्यांनीच संविधान सभेत मांडली. आजचं कलम २६२ ते हेच.

मग कुठे अडलं? १९५६ साली दोन कायदे झाले. एक तंटा सोडवण्याचा, दुसरा नदी मंडळं स्थापन करण्याचा, म्हणजे सहकार्याचा. तंट्याच्या कायद्याखाली लवाद बसत गेले. सहकार्याच्या कायद्याखाली एकही नदी मंडळ उभं राहिलं नाही! कृष्णेवर १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला. त्याने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी पाणी दिलं. टाटांच्या धरणांतून पश्चिमेला वळणाऱ्या पाण्यावरही मर्यादा घातली. २००४ मध्ये दुसरा लवाद आला, तरी भांडण मिटलेलं नाही. २०१४ च्या आंध्र पुनर्रचनेनंतरचं कृष्णा मंडळ फक्त आंध्र आणि तेलंगणासाठी आहे. जिथे नदी उगम पावते तो महाराष्ट्र त्यात नाही.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यात कृष्णा आणि भीमेचे काही पट्टे आहेत, तशीच रेवदंडा खाडी आणि कुंडलिकाही आहे. म्हणजे मुळशीचं एकच खोरं दोन्ही किनाऱ्यांच्या जलमार्गांशी जोडलेलं आहे. मालवाहू बार्जेससाठी नदी राष्ट्राची झाली. धरणग्रस्तासाठी ती कोणाची?

काही जण म्हणतील, बाबासाहेब तर धरणांच्या बाजूचे होते. होय, होते. विकासाला ते कधीच घाबरले नाहीत. दामोदरच्या धरणांनीही संथाळ आदिवासींना उठवलं, हे सत्य आम्ही झाकत नाही. पण खोऱ्याचा एकत्र विचार म्हणजे खोऱ्यातल्या शेवटच्या माणसाचाही विचार. बाबासाहेबांचं सगळं राजकारण प्रतिनिधित्वाच्या तत्त्वावर उभं आहे. गोलमेज परिषदेत जे तत्त्व, तेच नदीच्या बैठकीतही लागू व्हायला हवं.

मुळशीचं पाणी पूर्वेकडे वळवा, ही मागणी पुण्यात वारंवार होते. शहराची तहान खरी आहे. पण कंपनीकडून काढून शहराच्या टाकीत टाकलं, एवढ्याने न्याय होत नाही. धरणाच्या काठावरच्या वाड्यांना आधी पाणी मिळालं पाहिजे. धरणग्रस्तांच्या वारसांचं काय झालं याची नोंद झाली पाहिजे. कृष्णेच्या सगळ्या राज्यांचं एक नदी मंडळ हवं आणि त्यात दलित, आदिवासी, मच्छीमार, भूमिहीन यांना हक्काची जागा हवी.

तरुण मित्रांनो, पाण्याचे करार, लवादांचे निवाडे, जलमार्गांचे कायदे हे अभियंत्यांचे विषय म्हणून सोडून देऊ नका. आपल्या गावची नदी कुठून येते, कुठे जाते आणि मधे कोण अडवतं हे शोधा. ग्रामसभेत विचारा, माहिती अधिकारात मागा. चवदार तळ्याचा प्रश्न पाणी पिण्याचा होता, तसा तो पाण्यावर निर्णय कोण घेणार याचाही होता. तो अजून सुटलेला नाही.

जय भीम!