गुणांकन आणि बोली : वऱ्हाडातील शालेय मूल्यमापनाचा एक प्रश्न

‘गुण’ हा शब्द मराठीत मुळात अंगच्या धर्माचा वाचक. शाळेने त्यास आकड्याचा अर्थ दिला. या आकड्यात सरकारी पैसा शिरला तो 1862 च्या इंग्लंडातील सुधारित नियमावलीने. तपासनीसापुढे वाचन, लेखन व गणित यांत उत्तीर्ण होणाऱ्या मुलांच्या संख्येवर शाळेचे अनुदान अवलंबून राहू लागले. हीच पद्धती पुढे मुंबई इलाख्यातही आली. तीत मागे पडणारे मूल शिक्षकाच्या लेखी तोट्याचे ठरे. 1882 साली हंटर आयोगास दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी ही पद्धती गरीब व अशिक्षित लोकांच्या शिक्षणास मुळीच उपयुक्त नाही, असे मत मांडले. ज्यांना अद्याप शिक्षणाची गोडी लागलेली नाही, त्यांच्यात शाळा काढून शिक्षकाचा चरितार्थ चालणार नाही, हे त्यांचे कारण. आक्षेप वरवर हिशेबाचा. वस्तुतः तो न्यायाचा आहे.

वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. 1853 च्या तहान्वये ते निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली गेले होते. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या ठिकाणी या प्रश्नास आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. वऱ्हाडी बोलीत ‘मला’चे ‘मले’ होते आणि ‘डोळा’चा ‘डोया’. जिल्ह्यातील कोलामी, गोंडी वा बंजारा बोलणाऱ्या घरांतील मुलांस तर प्रमाण मराठी ही शाळेतच भेटणारी भाषा. ‘डोयाची बाहुली उजेडात लहान होते’ असे लिहिणाऱ्या मुलाचे विज्ञानाचे ज्ञान निर्दोष आहे. तेथे कापलेला अर्धा गुण विज्ञानाचा नव्हे, घरच्या बोलीचा असतो. प्रमाणलेखन शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. त्याची कसोटी भाषेच्या तासाला लावावी आणि तिचा आकडा निराळा ठेवावा.

2009 च्या शिक्षणहक्क अधिनियमानंतर महाराष्ट्रात 20 ऑगस्ट 2010 च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली व दुसरीस आकारिक मूल्यमापनाचा भार 70 टक्के, तर सातवी व आठवीस 40 टक्के ठरला. आकड्यांच्या जोडीस शिक्षकाने वर्णनात्मक नोंद करावयाची होती. ‘डोया’ लिहिणाऱ्या मुलाला काय येते हे सांगण्याची जागा हीच होती. परंतु लौकरच तयार नोंदींचे संच शाळाशाळांतून फिरू लागले आणि एकच वाक्य अनेक मुलांच्या नावापुढे उतरले. 2019 च्या केंद्रीय दुरुस्तीस अनुसरून राज्याने 2023 मध्ये पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात राहते. त्यामुळे उत्तीर्णतेच्या सीमेवर अडकलेल्या मुलाच्या बाबतीत त्या अर्ध्या गुणाची किंमत एक वर्ष होऊ शकते.