घोडा, उंट आणि दांडेकर

१९३१ साली मुंबईत, गिरगावात, दिगंबर परशुराम आणि गोविंद परशुराम या दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला. पेढीचं नाव ‘दांडेकर आणि कंपनी’ आणि माल ‘घोडा छाप’. त्यात शाईची पूड होती आणि शाईच्या वड्या होत्या. बाटली फुटायची, सांडायची. वडी पुडीत बांधून खिशातून नेता यायची. घरी दौतीत पाणी घ्यायचं, वडी टाकायची, काडीने ढवळायचं, गाळ दिसला तर फडक्यातून गाळायचं आणि टाक बुडवायचा. पाणी अंमळ जास्त झालं की अक्षर फिकं उमटायचं.

मिठाचा सत्याग्रह आदल्याच वर्षी होऊन गेला होता आणि स्वदेशी मालाला गिऱ्हाईक होतं. पण टाकाची जागा हळूहळू फाउंटन पेन घेत होतं आणि त्याच्या शाईचा बाजार परदेशी कंपन्यांच्या हातात होता. टाकाला थोडा गाळ चालतो, फाउंटन पेनाला चालत नाही. निबाकडे शाई नेणारी वाट इतकी अरुंद, की एवढासा कण अडकला तरी पेन कोरडं पडतं. म्हणून दांडेकरांनी वेगळी शाई काढली आणि तिच्यावर उंट आणला. इराण्याच्या हॉटेलात चहा पिताना सिगारेटच्या जाहिरातीतला उंट दिसला आणि तोच पसंत पडला, असं सांगतात. १९४६ मध्ये खासगी कंपनी नोंदली गेली, तेव्हा ‘कॅमल’ आणि ‘इंक’ जोडून तिचं नाव ठेवलं ‘कॅम्लिन’.

लेखनसाहित्यातलं जगातलं सर्वांत नामांकित घराणं नेमकं उलट्या वाटेने गेलं होतं. कास्पार फाबर नावाच्या सुताराने १७६१ मध्ये जर्मनीत, न्युरेंबर्गजवळच्या श्टाइन गावी पेन्सिली बनवायला सुरुवात केली. काम सुतारकीचंच होतं: लाकडाच्या पट्टीत खाच पाडायची, तीत शिसं बसवायचं, वर दुसरी पट्टी चिकटवायची आणि तासून घ्यायचं. त्याचा पणतू लोथार फाबर याने १८३९ मध्ये कारखाना हाती घेतला आणि पेन्सिलीवर घराण्याचं नाव उमटवायला लागला. उत्तम ग्रॅफाइटसाठी तो थेट सैबेरियातल्या खाणीपर्यंत पोचला. नाव चालू लागलं तसे नकलाकारही आले. तेव्हा त्याने १८७४ मध्ये जर्मन संसदेकडे अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी तिथे व्यापारचिन्हांना संरक्षण देणारा कायदा लागू झाला. १८९८ मध्ये त्याची नात ओटिली लग्न होऊन कास्टेल या सरदार घराण्यात गेली, तेव्हा दोन्ही आडनावं जोडली गेली आणि ‘फाबर-कास्टेल’ झालं.

दांडेकरांनी मात्र आडनाव पाटीवर ठेवलं आणि मालावर जनावर. आपल्या बाजाराला तेच मानवणारं होतं. शाई वापरणारा शिकलेला असला, तरी ती आणायला वाण्याकडे घरातल्या धाकट्याला पिटाळलं जाई. त्याला घोडा आणि उंट ओळखता आले की पुरे.

खरी परीक्षा बॉलपेन आल्यावर झाली. शाईची बाटली घराघरांतून हलली आणि तिच्यावर उभी राहिलेली घराणी अडचणीत आली. दिगंबररावांचे चिरंजीव सुभाष दांडेकर ग्लासगोला जाऊन रंगांचं रसायनशास्त्र शिकून आले होते. साठच्या दशकात कंपनी चित्रकलेच्या साहित्यात उतरली. शाई आणि रंग दिसायला वेगळे, पण दोन्हींचं मर्म एकच: रंगद्रव्य बारीक हवं, सगळीकडे सारखं मिसळलेलं हवं आणि प्रत्येक खेपेला तीच छटा उतरायला हवी. खडू, जलरंग, पोस्टर कलर, पेन्सिली, कंपासपेटी असा पसारा वाढत गेला.

महाराष्ट्रात या मालाला आयती पेठ मिळाली. सरकारच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांमुळे रंगपेटी ही चैन न राहता शाळेची गरज झाली. गणेशपुरी-वज्रेश्वरीकडच्या शाळकरी पोरापासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यापर्यंत सगळ्यांना परवडेल असा उंट त्यांच्याकडे होता. वर कंपनीने मुलांसाठी देशभर चित्रस्पर्धा भरवल्या. आज ज्याच्या हातात ब्रश दिला, तो उद्या आपल्या मुलालाही तीच पेटी घेऊन देणार, हा त्यातला हिशेब.

२०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने कॅम्लिनचा निम्म्याहून अधिक हिस्सा सुमारे ३६६ कोटी रुपयांना घेतला. कोकुयोही वहीवाल्यांचंच घर. १९०५ मध्ये ओसाकात हिशेबाच्या वह्यांची कव्हरं बनवण्यापासून त्यांची सुरुवात झाली. कंपनीचं नाव ‘कोकुयो कॅम्लिन’ झालं, दांडेकर कारभारात राहिले आणि मालावरचा उंट जिथल्या तिथे राहिला. सुभाष दांडेकर जुलै २०२४ मध्ये निवर्तले. फाबर-कास्टेलची मालकी अजून घराण्यातच आहे. दांडेकरांनी ती सोडली. पण कंपनी विकली म्हणजे धंदा हरला, असं होत नाही. शाईच्या वडीतून उभ्या राहिलेल्या धंद्याचं ऐंशी वर्षांनी एवढं मोल झालं, ही कमाई लहान नाही. मराठी माणसाला धंदा जमत नाही, असं पुन्हा कुणी ऐकवलं तर वाद घालू नका. एलिमेंटरीच्या परीक्षेला कोणते रंग नेले होते, एवढंच विचारा.