डेम्लो, म्हणजे आपली डोंबिवली

कॅसिओच्या एफएक्स-३६००पी कॅल्क्युलेटरात प्रोग्रॅमला जागा अवघी ३८ पायऱ्यांची. तेवढ्यात मी चक्रवाढ व्याज बसवलं, वर्गसमीकरण बसवलं. मग घरून दुधाचा हिशेब सांगण्यात आला आणि हौस संपली. यंत्र कपाटात गेलं.

ते बाहेर काढलं द. रा. कापरेकरांनी! १९३० ते १९६२ हे गृहस्थ देवळालीत शाळामास्तर. त्यांच्या 'डेम्लो संख्यां'त १२१, १२३२१ असा चढून उतरणारा जिना. आणि डेम्लो म्हणजे काय? तर डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव. कल्पना म्हणे तिथंच सुचली. आम्हा कर्जत-खोपोलीवाल्यांना गाडी डोंबिवलीत शिरली की दारापासून लांब सरकावं, एवढंच सुचतं.

त्याच रात्री सेल बदलून बसलो. ११ चा वर्ग, १११ चा वर्ग... पाच एकांपर्यंत जिना शाबूत: १२३४५४३२१. सहाव्या एकाला उत्तर अकरा अंकी आणि पडदा दहाचा! शेपटीचे अंक फलाटावरच राहिले. आता संख्येचे दोन तुकडे करून त्यांना ३८ पायऱ्यांत आत कसं घ्यावं, या खटपटीत आहे. दुधाचा हिशेब बायको बोटांवर करते.