तगरीचं कूळ

१८-मेथॉक्सिकोरोनॅरिडीन या रसायनाच्या नावात तगरीचा हार आहे. अफूच्या वर्गातल्या औषधांची ओढ सुटावी म्हणून अमेरिकेत ते घडवलं गेलं आणि हिंगोलीत दारोदार फुलणाऱ्या, महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या तगरीशी त्याचं थेट नातं निघतं. तिचं जुनं शास्त्रीय नाव टॅबरनेमोंटाना कोरोनॅरिया, म्हणजे हाराची. या कोरोनॅरियावरूनच १९६० साली एका अल्कलॉइडचं नाव कोरोनॅरिडीन पडलं.

आफ्रिकेतलं इबोगा हे झुडूप, १९०१ साली त्यातून वेगळं काढलेलं इबोगेन, १९६२ साली ते घेतल्यावर न्यूयॉर्कच्या हॉवर्ड लोट्सोफची सुटलेली हेरॉईनची तलफ, हे टप्पे प्रसिद्ध आहेत. पण इबोगेनने भास होतात, हृदयाची लय बिघडून माणसं दगावलीही आहेत. म्हणून स्टॅन्ली ग्लिक आणि मार्टिन क्यून यांनी इबोगेनशी नातं असलेल्या कोरोनॅरिडीनच्या सांगाड्यावर १८-मेथॉक्सिकोरोनॅरिडीन हा नवा रेणू रचला. प्रयोगातल्या उंदरांचं मॉर्फिन घेणं त्याने कमी झालं. औषध म्हणून तो अजून बाजारात नाही. इबोगाच्या वंशाचं टॅबरनँथे हे नावही तगरीच्याच वंशावरून घेतलेलं असावं, म्हणून इबोगाला मी तगरीची आफ्रिकेतली बहीण मानतो.

खरा वाद तगरीच्या दुसऱ्या शास्त्रीय नावाचा, एर्वाटामियाचा. ते आलं ‘हॉर्टस मलबारिकस’मधल्या (१६७८ ते १६९३) ‘नंदी-एर्वाटम’वरून. हा ग्रंथ डच अधिकारी व्हान ऱ्हीडचा. त्याला मदत करणाऱ्या रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांची १६७५ सालची ग्वाही पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेली आहे. झाडाचं नाव मल्याळी. काही जण ते नंदी आणि वट्टम, म्हणजे वर्तुळ, असं फोडतात. मला ते पटत नाही. संस्कृतात नंद्यावर्त हे वळलेल्या भुजांचं मंगलचिन्ह आहे आणि एका झाडाचंही नाव आहे. तगरीच्या पाच पाकळ्या चक्रासारख्या एकाच दिशेला वळलेल्या दिसतात. त्या आकारावरूनच नाव पडलं, बैलावरून नव्हे, असं माझं ठाम मत आहे. बैलाच्या बाजूने औंढा नागनाथचे भाविक बोलतील. नर्सीच्या संत नामदेवांसाठी नागनाथाचं देऊळ फिरलं आणि नंदी मागे राहिला, ही कथा तिथे सांगतात. नंदी आणि आवर्त, म्हणजे फिरणं, दोन्ही तिथे आहेत, हा योगायोग मला फार आवडतो, पण पुरावा म्हणून तो चालत नाही.

तगर या नावाचीच एक गल्लत याहून मोठी आहे. जुन्या वैद्यकग्रंथांतलं तगर म्हणजे हिमालयातल्या एका वनस्पतीचं सुगंधी मूळ. त्याचे गुण आपल्या फुलझाडाला चिकटवणारी पुस्तकं मी बाजूला ठेवतो.

दुखण्यावरचा आपल्या तगरीचा दावा स्वतंत्र आहे. दातदुखीला तिचं मूळ चघळण्याची जुनी रीत आहे. तिच्या सालीत कोनोलिडीन नावाचं अल्कलॉइड सापडलं. फ्लोरिडातल्या स्क्रिप्स संस्थेत २०११ साली ते कृत्रिमरीत्या बनवलं गेलं, तेव्हा उंदरांच्या वेदना त्याने कमी केल्या, तेही अफूच्या औषधांची वाट न धरता. दातदुखीवाल्यांना याच कुळातल्या रसायनांचा गुण लागला असावा, असा माझा तर्क आहे. मात्र झाड विषारी आहे. घरी मूळ उगाळू नये, सालीचा काढाही करू नये. कोनोलिडीन सालीत इतकं अत्यल्प असतं की संशोधकांनाही ते प्रयोगशाळेत बांधावं लागलं.