कॅमेऱ्याद्वारे मॉनिटरच्या कॉन्ट्रास्ट गुणोत्तराचे मापन

संगणकाच्या मॉनिटरवरील पूर्ण पांढऱ्या व पूर्ण काळ्या रंगाच्या तेजस्वितेचे गुणोत्तर म्हणजे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर होय. पांढऱ्याची तेजस्विता २०० आणि काळ्याची ०.२ कँडेला प्रति चौरस मीटर असल्यास हे गुणोत्तर १०००:१ होते. ते सामान्यतः तेजस्वितामापकाने मोजतात. मात्र शटर, छिद्र व आयएसओ हाताने ठरवता येणाऱ्या आणि रॉ स्वरूपात चित्र साठवणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यानेही त्याचा चांगला अंदाज घेता येतो. जाहिरातींतील ‘डायनॅमिक’ गुणोत्तर काळ्या दृश्याच्या वेळी पडद्यामागील दिवा मंद वा बंद करून मिळवलेले असते. एकाच दृश्यात प्रत्यक्ष किती फरक दिसेल हे त्यावरून कळत नाही. म्हणून स्वतंत्र मापन उपयुक्त ठरते.

तत्त्व

कॅमेऱ्याचा संवेदक संपृक्त होईपर्यंत त्यावर पडलेल्या प्रकाशाच्या जवळजवळ समप्रमाणात संख्या नोंदवतो. या संख्या कँडेलामध्ये नसतात. परंतु एकीला दुसरीने भागताना अज्ञात स्थिरांक निघून जातो. जेपेग चित्रातील मूल्ये डोळ्यांना योग्य दिसावीत म्हणून वक्रानुसार बदललेली असतात, त्यामुळे ती या गणितासाठी निरुपयोगी होत. प्रकाश नसतानाही रॉ चित्रात एक ठरावीक संख्या असते. तिला काळी पातळी म्हणतात आणि ती प्रत्येक नोंदीतून वजा करावी लागते.

कृती

मॉनिटर सुमारे अर्धा तास चालू ठेवून त्याची आपोआप प्रकाश बदलणारी सोय बंद करतात. खोलीत पूर्ण अंधार करून तिपाईवरील कॅमेरा पडद्याच्या मध्यासमोर काटकोनात ठेवतात. पिक्सेलच्या जाळीमुळे चित्रात पट्टे उमटू नयेत म्हणून फोकस किंचित बिघडवतात. छिद्र व आयएसओ न बदलता प्रथम पांढऱ्या आणि नंतर काळ्या पडद्याचे चित्र घेतात. बदलतो तो केवळ शटरचा काळ. पडद्याच्या लुकलुकण्याचा परिणाम टाळण्यासाठी पांढऱ्याचा काळही पडद्याच्या अनेक आवर्तनांइतका असावा. शेवटी झाकण लावून, काळ्या चित्राइतक्याच काळाचे चित्र घेऊन काळी पातळी तपासतात. चित्राच्या मध्यभागातील हिरव्या पिक्सेलची सरासरी गणनेसाठी घेतात.

उदाहरण

काळी पातळी ५१२ आहे असे समजू. पांढऱ्याची सरासरी १/१० सेकंदात ८५१२ आली, तर वजाबाकीनंतर ८००० उरतात, म्हणजे प्रतिसेकंद ८०,०००. काळ्याची सरासरी २० सेकंदांत २११२ आली, तर १६०० उरतात, म्हणजे प्रतिसेकंद ८०. गुणोत्तर १०००:१ येते. काळी पातळी वजा केली नसती, तर उत्तर सुमारे ८०६:१ आले असते. काही संगणकप्रणाली ही वजाबाकी स्वतःच करतात; ती दोनदा होऊ नये.

त्रुटींची कारणे

सर्वांत मोठी चूक बाहेरील प्रकाशामुळे होते. वरील २०० व ०.२ या मूल्यांत परावर्तित प्रकाशाचे केवळ ०.२ मिळवले, तरी गुणोत्तर सुमारे ५००:१ वर येते. पांढरे व काळे चौकोन एकाच चित्रात घेतल्यास भिंगातील विखुरलेला प्रकाश काळ्या भागावर पसरतो. म्हणून दोन स्वतंत्र चित्रे घेणे इष्ट. शटरवर लिहिलेला काळही नेमका नसतो: अनेक कॅमेऱ्यांत ‘३० सेकंद’ म्हणजे प्रत्यक्षात ३२ सेकंद असतात. तिरक्या कोनातून मोजल्यास द्रवस्फटिक पडद्यांची मूल्ये बदलतात.

निष्कर्षांचा अर्थ

आयपीएस पडद्यांचे गुणोत्तर बहुधा १०००:१ च्या आसपास, तर व्हीए पडद्यांचे ३०००:१ च्या आसपास असते. ओएलईडी पडद्यावर काळे पिक्सेल प्रकाशच देत नाहीत. तेथे काळ्या चित्रातील नोंद संवेदकाच्या गोंगाटापासून वेगळी काढता येत नाही, म्हणून कॅमेऱ्याने मिळालेली संख्या ही केवळ किमान मर्यादा मानावी.